पाचव्या माणसाची जागा

माझे पुढचे दोन दात नाहीत. एक तिनं पाडला आणि दुसरा तिच्यामुळे पडला, दोन्ही एकाच पंधरवड्यात. बायको म्हणते, तुम्ही आयुष्यात दोनदाच खरं बोललात आणि दोन्ही वेळा त्याची पावती मिळाली. मी वाद घालत नाही. तसा मी कुणाशीच वाद घालत नाही. माझा छापखाना पुलाच्या तोंडाशी आहे. पुलाच्या ह्या बाजूला एका पक्षाचा जोर, त्या बाजूला दुसऱ्याचा. मी एकांना अलीकडचे म्हणतो आणि दुसऱ्यांना पलीकडचे. अलीकडच्यांचा रंग जांभळा, पलीकडच्यांचा पिवळा, आणि मी दोघांचीही पोस्टरं छापतो. तीस वर्षं मी दोघांशीही इतकं गोड बोललो की दात किडूनच पडायचे, ते असे पडले.

ती म्हणजे माझ्याकडे पोस्टरांची चित्रं काढणारी बाई. तिला सगळे पट्टी म्हणतात, अर्थात तोंडावर नाही. उंचीनं माझ्या खांद्याला लागते. चित्र काढते ते उभ्यानं, जेवते तेही उभ्यानं. पेन्सिल ब्लेडनं तासते आणि टोक स्वतःच्या तळहातावर टोचून बघते. हातात सदानकदा स्टीलची फूटपट्टी. एकदा अलीकडच्यांचा एक दांडगा पुढारी छपाई बघायला आला आणि ओल्या कागदावर बोट ठेवून म्हणाला, वाळलं का हो? फूटपट्टी उभी फिरली. त्याचं नख जागच्या जागी काळं पडलं. मी कोण आहे माहीत आहे का, असं तो ओरडला, तर ही शांतपणे म्हणाली, ओल्या कागदावर बोट ठेवणारा. त्याची समजूत काढताना माझ्या तोंडाला फेस आला. ती मात्र तो कागद बाजूला काढून पुढची रेघ मारत होती.

ती माझ्याकडे कशी आली ते सांगायला हवं, कारण माणसं नोकरी मागायला येतात तशी ती आली नव्हती. आठ वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ मतदानाच्या दिवशी मारला गेला. तो कुलूपवाला होता. बाजारात पेटी मांडून बसायचा, किल्ल्या घासून द्यायचा, आणि कुणाचं दार अडलं की सायकलवरून जायचा. त्या दिवशी मतदान शाळेत होतं. दुपारी पुलाच्या दोन्ही अंगांनी दोन जमाव आले, फाटकापाशी भिडले, आणि पांगले तेव्हा मधे तो पडलेला होता. डोकं एका बाजूनं बसलं होतं. कानात रक्त, हाताची बोटं मुठीत घट्ट. डॉक्टरांना ती मूठ उघडता आली नाही म्हणतात.

तिसऱ्या दिवशी अलीकडचे त्याचा फोटो घेऊन माझ्याकडे आले. पोस्टर हवं होतं, खाली अक्षरं, 'आमचा वीर'. मी छापलं. चौथ्या दिवशी पलीकडचे आले. त्यांच्याकडेही तोच फोटो आणि खाली तीच अक्षरं. आमची छपाई म्हणजे लाकडी फ्रेमवर जाळी ताणायची, जाळीवर चित्र उतरवायचं, वरून रंग ओतून रबर ओढायचा, की खालच्या कागदावर चित्र उमटतं. मला दुसरी फ्रेमसुद्धा करावी लागली नाही. जांभळा धुतला आणि पिवळा ओतला. सगळ्या गावाच्या भिंतींवर एकच पोरगा दोन रंगांत हसत होता.

दहा-बारा दिवसांनी ती आली. मी तिला ओळखत नव्हतो. तिनं टेबलावरचा कागद कापायचा सुरा उचलला आणि विचारलं, माझ्या भावाची फ्रेम कुठली? मी बोट दाखवलं. तिनं ती जाळी चार वेळा फाडली, उभी दोनदा, आडवी दोनदा, आणि प्रत्येक फाडीला तिच्या घशातून जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. मग सुरा जागेवर ठेवला.

"मला काम द्या," ती म्हणाली. "फरशीच्या कारखान्यात नक्षी काढते. रेघ सरळ येते माझी."

मी विचारलं, इथंच का. ती म्हणाली, इथं काय छापलं जातं ते मला ह्यापुढे बघायचंय. सुरा तिच्या हाताशीच होता, त्यामुळे मी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पण खरं कारण वेगळं होतं. त्या दिवशी मी त्या शाळेत होतो. रांगेत तिच्या भावाच्या मागे मीच उभा होतो. हे मी तिला सांगितलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे आठ वर्षं नाही.

आठ वर्षांत दोन निवडणुका झाल्या. पहिलीला आमच्या भागातून शंभरातली अठरा माणसं मत द्यायला गेली, दुसरीला अकरा. लोकांच्या मनातून ते फाटक काही जात नव्हतं. ह्या वेळी निवडणूक कचेरीचे साहेब स्वतः आले. लोकांनी बाहेर पडावं म्हणून पोस्टर हवं, म्हणाले, पण ते कुणाचं वाटता कामा नये. त्यांच्याकडे यादी होती. झाड नको, जनावर नको, वाहन नको, अवजार नको, कारण सगळं कुणाचं ना कुणाचं चिन्ह आहे. जांभळा नको, पिवळा नको. पट्टी उभी राहून ऐकत होती. मग तिनं विचारलं, माणसं चालतील का? साहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली आणि म्हणाले, माणसं कुणी लावलेली दिसत नाहीत.

तिला काय हवं होतं ते तिनं दुसऱ्या दिवशी मला शिडी धरायला लावून दाखवलं. पाणीपुरवठ्याच्या जुन्या पंपघराच्या भिंतीवर एक चित्र आहे. माझ्या आजोबांच्या वेळी मोठा पूर आला, तेव्हा लोक एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून छातीभर पाण्यातून रांगेनं पार झाले, त्याचं चित्र. ओल्या गिलाव्यातच रंग भरलेला, त्यामुळे अजून टिकलाय. अकरा माणसं आहेत. एक लठ्ठ बाई, एक डोक्यावर गाठोडं घेतलेला, एकानं बगलेत कोंबडी मारलीय. पुढारी कुणीच नाही. लहानपणापासून मी त्या भिंतीवरून गेलोय आणि एकदाही धड बघितलं नव्हतं.

त्यातला पाचवा माणूस नाही. छातीपासून वरचा गिलावा कधीतरी पडला. खाली नुसतं पाण्यातलं धड आहे, आणि सहाव्याचा हात विटांवर टेकलेला. त्या खड्ड्यात दोन्ही पक्ष आपापली पत्रकं चिकटवतात. जांभळ्यावर पिवळं, पिवळ्यावर जांभळं, बोटभर जाडीचा थर झाला होता. पट्टीनं फूटपट्टी घातली आणि तो थर खरवडायला लागली. अर्धा तास खरवडत होती. बोटांच्या पेरांची सालं निघाली तरी थांबली नाही, आणि खाली मी शिडी धरून डोळ्यांत चुना घेत होतो. मग बटरपेपर लावून तिनं एकेक माणूस उतरवून घेतला. ती मनानं काही काढत नाही. समोर असेल तेच काढते. माझ्याकडे रबर ओढायला एक काडीसारखा माणूस आहे, त्याला आम्ही पैलवान म्हणतो. कुणाचा कोपर, कुणाचा कान झिजलेला असेल तिथे तिनं पैलवानाला नाहीतर मला उभं केलं. पोस्टरातल्या लठ्ठ बाईचा दंड माझा आहे.

पाचव्यासाठी मात्र तिनं कुणाला उभं केलं नाही. चार दिवसांनी चित्र टेबलावर आलं. रांग तीच, पण पुराच्या काठाऐवजी पुढे मतपेटी, आणि खाली दोनच शब्द, 'रांगेत या'. पाचव्या जागी तिचा भाऊ होता. जाड चार रेघांत काढलेला, पण कपाळावरच्या भोवऱ्यासकट तोच.

मी म्हणालो, ताई, लोक ओळखतील. ती म्हणाली, ओळखू देत. मी म्हणालो, ह्या तोंडावर दोघांनी शिक्के मारलेत, हे आता कुणाचं नाही असं राहिलेलं नाही. तिनं फूटपट्टी टेबलावर ठेवली. तसं ती क्वचितच करायची.

"तो मत द्यायला गेला होता. रांगेत उभा होता, बास. कुणाला देणार म्हणून सकाळी विचारलं तर मला म्हणाला, ताई, ते सांगायचं नसतं. दोघांनी त्याला ओढून आपापल्या भिंतीवर नेलंय. मला तो रांगेत परत हवाय."

साहेबांनी तिच्या भावाला कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पास केलं.

रंगाचं ठरलं तेही तिच्याच डोक्यातून. दिवसअखेर फ्रेमवर उरलेला रंग आम्ही फेकत नाही. सगळा एका डब्यात जातो, त्याला उष्टा डबा म्हणतात. जांभळा नि पिवळा एकत्र झाले की मातीसारखा तपकिरी होतो. पट्टी म्हणाली, ह्यात सगळे आहेत आणि कुणीच नाही. तिनं तो रंग स्वतः घोटला, कागदावर ठिपका देऊन दोन दिवस वाळू दिला, उन्हात नेऊन बघितला, आणि डब्यावर झाकण लावून चिठ्ठी चिकटवली, हात लावू नये.

त्या संध्याकाळी अलीकडच्यांचं मोठं काम संपलं. फ्रेमवर बराच जांभळा उरला होता. माझा हात तीस वर्षांच्या सवयीनं उष्ट्या डब्याकडे गेला. चिठ्ठी मी वाचली होती. झाकण काढताना ती माझ्या अंगठ्याखाली आली होती. तरी मी ओतलं, हलवलं, आणि ट्यूबच्या उजेडात रंग तसाच दिसला म्हणून झाकण लावून मोकळा झालो. छापतानाही तो तपकिरीच होता. सहाशे पोस्टरं गावभर लागली. तिसऱ्या दिवशी ऊन खाऊन रंग पुरता वाळला आणि दुपारपर्यंत सगळ्या भिंतींवर वांग्यासारखा जांभळा झाला.

पलीकडच्यांना जे दिसलं ते कुणालाही दिसलं असतं. मेलेला कुलूपवाला, जांभळ्या रंगात, मतपेटीकडे निघालेला, सरकारी खर्चानं. ते तीन वाजता आले. सात जण होते. मी त्यांना पुलावरूनच येताना पाहिलं आणि कागदाच्या रिमांची थप्पी आहे तिच्यामागे गेलो. पैलवान मागच्या दारानं पळाला. ती टेबलाशी उभी राहिली.

पहिल्या गजानं ट्यूब फुटली. मग फ्रेमा. लाकूड मोडण्याचा आणि जाळी फाटण्याचा आवाज वेगवेगळा येतो, मला थप्पीमागून एकेक ओळखता येत होता. डबे भिंतीवर आपटले. कुणीतरी किंचाळलं, ते ती नव्हती. तिनं फूटपट्टीनं एकाची भुवई फाडली होती. मग तिला धरलं. तिचा उजवा हात टेबलावर दाबला आणि तिचीच फूटपट्टी आडवी ठेवून वरून गज मारला. एकदा, दोनदा. दुसऱ्यांदा हाड मोडलेलं मला ऐकू आलं. त्यांचा म्होरक्या धापा टाकत बोलत होता.

"रांगेत उभा केलायस होय त्याला? तुझा भाऊ रांगेत नव्हताच. फाटकाबाहेर सापडला. आमच्या माणसांनी उचलला त्याला. मत द्यायला आलेला माणूस आत असतो. बाहेर कोण असतं? मारामारी करणारे."

तिसऱ्यांदा गज पडला. ह्या वेळी ती ओरडली.

मी थप्पीमागे कानांवर हात ठेवून बसलो होतो, आणि मला आठ वर्षांपूर्वीचा शाळेच्या फाटकाचा पत्रा ऐकू येत होता. कारण तेव्हाही मी पाहिलं काहीच नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. माझी पाचावर धारण बसली की मला दिसेनासं होतं, ऐकू मात्र सगळं येतं.

ते गेल्यावर मी बाहेर आलो. ती जमिनीवर बसली होती, मांडीवर तो हात. बोटं नको त्या दिशांना वळली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या कोरड्या सदऱ्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाली, रिक्षा बघा.

दवाखान्यात तिच्या हाताला प्लास्टर घातलं. तीन बोटं आणि मनगट. दुसऱ्या दिवशी अलीकडचे आले, फुलं आणि फोटोवाला घेऊन. तोच नख काळं झालेला पुढारी. ताईंवरचा हल्ला हा आमच्यावरचा हल्ला आहे, म्हणाला, प्लास्टर जरा वर धरा, पोस्टर करायचंय. तिनं डाव्या हातानं पाण्याचा स्टीलचा जग उचलून त्याच्या नाकावर मारला. रक्त फुलांवर, फुलं जमिनीवर. फोटोवाल्यानं सवयीनं बटण दाबलं, त्याबद्दल त्याला मागाहून त्याच्याच माणसांनी बडवला म्हणे. नर्सनं आम्हाला त्याच संध्याकाळी घरी जायला सांगितलं.

तिची खोली पिठाच्या गिरणीच्या वर आहे. जिन्यापासून सगळीकडे पांढरी धूळ. भिंतीवर भावाच्या किल्ल्या टांगलेल्या, शे-दोनशे असतील, एकाचंही कुलूप घरात नाही. मी तिला पोचवायला गेलो तेव्हा ती त्यांच्याकडे बघत उभी होती. तिनं मला विचारलं, तो बाहेर कशाला गेला असेल हो? मी म्हणालो, आता झोपा.

साहेबांचा निरोप आला. पोस्टर काढा, नाहीतर तो चेहरा काढा. आठवड्यावर मतदान होतं. ती दुसऱ्या सकाळी छापखान्यात आली. मी आणि पैलवान काचा गोळा करत होतो. तिनं जमिनीवरची फूटपट्टी डाव्या हातानं उचलली. मधोमध वाकली होती. मग भिंतीवरून ओघळून वाळलेल्या रंगाशी गेली, नखानं खरवडला, उजेडात धरला.

"रंग का फिरला?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. सवय, म्हणालो. तिनं वाकडी पट्टी माझ्या तोंडावर अशी हाणली की पुढचा दात ओठातून बाहेर आला. मी खाली बसलो. ती पुन्हा मारणार होती. हात वर गेला होता, पण मग तो आपोआप खाली आला, आणि ती रडायला लागली. आठ वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. उभ्यानंच रडत होती.

"तुम्ही ओतलंत ते ओतलंत. पण मी काय वेगळं केलं? त्यांनी त्याला चिकटवला तसा मीही चिकटवला. मी म्हणते रांगेत होता. मी कुठं पाहिलंय? बाहेर सापडला हे तर खरंच आहे ना. गेला असेल मारामारीला. दोघांतलं कुणीतरी खरं बोलत असेल."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडात रक्त होतं, बोलता येत नव्हतं, असं मी बायकोला सांगितलं. ते खोटं आहे. बोलता येत होतं.

तिनं नवी जाळी ताणायला लावली. उजवा हात गळ्यात अडकवलेला, डाव्यानं ब्लेड धरून तिनं पाचव्या माणसाला छातीपासून वर कापून काढलं. भिंतीवर आहे तसंच ठेवलं. खाली धड, वर कोरा कागद, आणि सहाव्याचा हात हवेत टेकलेला. रेघ थरथरली होती, तरी तिनं ती पुन्हा मारली नाही. रंग नवा घोटला. डब्यापाशी ती स्वतः दोन दिवस बसून राहिली, आणि मी त्या बाजूला फिरकलोसुद्धा नाही. पोस्टर वाळल्यावरही तपकिरीच राहिलं. दोन्ही पक्षांची माणसं ते बराच वेळ बघायची आणि पुढे जायची. फाडायला त्यात काही सापडत नसावं.

मतदानाच्या दिवशी मी निघालो तेव्हा बायको दारात उभी राहून म्हणाली, एक दात राहू द्या निदान घास तोडायला. शाळा तीच, फाटक तेच, पत्र्याचं. आठ वर्षांपूर्वीचे पोचे त्यावर रंगाखाली अजून दिसतात. रांग फाटकापर्यंत आली होती, चाळीसेक माणसं, म्हणजे आमच्या भागाच्या मानानं गर्दीच. फाटकाच्या एका अंगाला अलीकडचे उभे, एका अंगाला पलीकडचे. नाकावर पट्टी लावलेला पुढारी होता, भुवईला टाके पडलेला म्होरक्या होता. दोन पोलीस होते, ते झाडाखाली होते. ती रांगेच्या शेवटी होती. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो, त्याच जागी, जिथे तेव्हा होतो.

रांग दोन पावलं सरकली. फाटक डाव्या हाताला आलं. तेव्हा मी म्हणालो, "ताई, एक पाऊल मागं या."

"का?"

"तुमच्या पुढं एका माणसाची जागा धरायचीय. त्यानं मला सांगितलं होतं."

ती वळली नाही, पण मान ताठ झाली. मग मी सांगितलं. हळूच सांगणार होतो, पण आवाज फुटला तो मोठाच फुटला, आणि समोरच्या दात नसलेल्या फटीतून शिट्टी वाजल्यासारखा सगळ्या अंगणात गेला. त्या दिवशी रांगेचे शेवटचे दोघे आम्ही होतो. ओरडा ऐकू आला तशी पुढची सगळी माणसं वर्गांत पळाली. शिपाई फाटक लोटून धरत होता, पण आतला अडसर मोडका होता आणि कुलूप बाहेरच्या बाजूनं. पोरानं एकदा कडीकडे बघितलं आणि म्हणाला, मी बाहेरून लावून मागच्या भिंतीवरून येतो. मला म्हणाला, मालक, माझी जागा धरा. तो बाहेर गेला. मी कुलूप लागल्याचा आणि किल्ली काढून घेतल्याचा आवाज ऐकला.

"मग ते पोचले. दोन्हीकडून. त्याला विचारलं, कुणाचा आहेस तू? मी पत्र्याला कान लावून होतो. तो म्हणाला, कुणाचा नाही, मी रांगेतला आहे. त्यांनी परत विचारलं. तो परत तेच म्हणाला. मग मारायला लागले. पत्रा आत येत होता, ताई. आत साठ-सत्तर माणसं होती, एकाला ओरखडा नाही आला. किल्ली त्याच्या मुठीत होती. मी काही केलं नाही. मी नुसता जागा धरून उभा राहिलो. आणि नंतर दोघांची पोस्टरं छापली."

शिपाई त्या महिन्यातच गाव सोडून गेला होता, तेव्हा ह्या गोष्टीला माझ्याशिवाय साक्षीदार नव्हता, आणि ते सगळ्यांना कळलं होतं. पहिला पुढे आला तो टाके पडलेला म्होरक्या. त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता, मोटारसायकलचा असेल, त्यानिशीच त्यानं मारलं. दुसरा दात गेला तो तेव्हा. नाकावर पट्टीवाला पुढारीही सरसावला होता. दोन्ही पक्षांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. पोटात लाथ बसली आणि मी मागे कलंडलो, पण मागच्या माणसानं मला खांद्याला धरून सरळ केलं. पोस्टर बघून वगैरे नव्हे, मी त्याच्या अंगावर पडत होतो म्हणून. पोलीस एव्हाना झाडाखालून निघाले होते. रांगेतलं कुणी घरी गेलं नाही. हे मी शपथेवर सांगतो, कारण मी सगळ्यांच्या पायांकडे बघत होतो.

ती एवढा वेळ पाठमोरीच होती. मला वाटलं, आता वळेल आणि मारेल. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं एक पाऊल मागे घेतलं. तिच्यापुढे एका माणसाएवढी जागा झाली.

रांग सरकली तशी ती जागाही सरकली. व्हरांड्यात एकजण घाईघाईनं त्या जागेत शिरायला आला, तिनं प्लास्टरचा हात त्याच्या छातीला आडवा लावला, तो मुकाट शेवटी गेला. मी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसत मागून चाललो होतो. मग आम्ही खोलीत पोचलो. टेबलामागे कारकून, कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा, पलीकडे पेटी. पुढचा माणूस मत देऊन गेला. कारकून यादीत डोकं घालून म्हणाला, पुढचे या.

ती हलली नाही. कारकुनानं वर पाहिलं, टेबल आणि तिच्यामधली मोकळी जागा पाहिली, आणि म्हणाला, बाई, पुढं या ना, कुणी नाही.

"थांबा," ती म्हणाली. "त्याचं होऊ दे."

कारकुनानं माझ्या रक्ताळलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. एका माणसाला कागद घेऊन आडोशामागे जायला, शिक्का मारायला, घडी घालून पेटीत टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती पेटीकडे बघत उभी राहिली. मग ती पुढे झाली आणि तिनं आपलं नाव सांगितलं.